बिरूतात्यांचा कंटाळा

बिरूतात्या दिसायच्या आधी ऐकू यायचे. जिमचा जिना लोखंडी, आणि तात्या प्रत्येक पायरीवर एक सुस्कारा सोडत वर यायचे. वर आले की चपला भिंतीकडेला काढायच्या, खांद्यावरचा टॉवेल खिडकीच्या गजाला अडकवायचा, कमरेवर हात ठेवून सगळीकडे एकदा बघायचं आणि म्हणायचं, "आज न्हाय व्हायचं." त्यांना कुणी काही विचारलेलं नसायचं. ते ठरल्यासारखं हे वाक्य बोलायचे, बाकावर बसायचे, डोळे मिटायचे. मग उठायचे आणि त्या दिवशीचं जे ठरलेलं असेल ते सगळं करूनच खाली उतरायचे.

पहिल्या दिवशी मी फसलो. मीही तेव्हा नुकताच चाळिशी ओलांडून, डॉक्टरांनी डोळे वटारल्यावर, साखर बंद करून तिथे दाखल झालो होतो. मनात म्हटलं, चला, आपल्याहून दमलेला एक माणूस सापडला, आता हे परत जातील आणि मलाही जाता येईल. तात्यांनी वजनं ओढायच्या मशीनवर पाठीचा व्यायाम सुरू केला. मी वाट बघत राहिलो. शेवटी शाळेची वेळ झाली म्हणून मीच निघालो, तरी त्यांचं चालूच होतं.

आमची जिम सणसरला, बारामती-इंदापूर रस्त्यावर, खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली पोती उतरायला लागली की वर नाकात झिणझिण्या येतात. मालक गणेश, पंचविशीतला. त्यानं भिंतीवर सिंहांची चित्रं लावलेली, प्रत्येक सिंहाखाली इंग्रजीत दमदाटी. कष्ट कर, रडू नकोस, हार मानू नकोस, असं काहीतरी. दिवसभर शाळेत मुलांना तेच सांगून मी इतका थकलेला असे की त्या सिंहांकडे बघवत नसे. तात्यांना एकदा मी त्या ओळींचा अर्थ सांगितला. त्यांनी मान वर करून सिंहाकडे जरा वेळ बघितलं. म्हणाले, "ह्याचं बरं हाय. ह्याला धार काडायची न्हाय, रूटवर जायचं न्हाय."

रूट म्हणजे दुधाचा. तात्या डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवायचे. उजाडायच्या आत सणसरहून निघायचं, पणदऱ्याच्या बाजूची गावं आणि वस्त्या करत कॅन गोळा करायचे, शीतकरण केंद्रावर उतरवायचे आणि मग घामेजलेल्या अंगानं जिममध्ये यायचं. संध्याकाळी पुन्हा तोच फेरा. त्यांना सुट्टी नावाची गोष्ट माहीत नव्हती. दिवाळी असो, इलेक्शन असो, घरात लग्न असो, म्हशी दूध देणारच आणि ते कुणीतरी उचलून न्यायलाच हवं. तरणेपणापासून भरलेले कॅन टेम्पोत चढवून चढवून त्यांचे खांदे असे झाले होते की शर्टाचं वरचं बटण कधी लागायचं नाही. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे, पावसाच्या तोंडावर परत यायचे. "आमच्या बाला कवा इच्यारलं न्हाय, तुमाला जावं वाटतंय का म्हनून," तात्या सांगायचे. "मेंढरं उठली की त्यो उठायचा."

व्यायामाविषयी त्यांचं सगळं म्हणणं एवढंच होतं. उत्साह, जिद्द, प्रेरणा या शब्दांशी त्यांची ओळख नव्हती. गणेश नव्या पोरांना भाषण द्यायला लागला की तात्या कोपऱ्यात डंबेल उचलत हळूच म्हणायचे, "म्हशीला सांगू का, बाई आज माजा मूड न्हाय, दूध आत ठिव?" पोरं हसायची. ती पोरं जानेवारीत यायची आणि फेब्रुवारीत गायब व्हायची. कुणी यूट्यूब बघून यायचं, कुणी साखरपुडा जमला म्हणून. तात्यांनी कुणाला कधी अडवलं नाही की कुणाची थट्टा केली नाही. त्यांना बहुतेक त्या पोरांचं पटतच असावं.

मला मात्र त्यांनी एकदा अडवलं. दहावीच्या परीक्षा, पेपर तपासणी, वर निवडणुकीचं काम, या सगळ्यात माझी जिम सुटली ती सुटलीच. दिवसामागून दिवस गेले. एका सकाळी दारात हॉर्न वाजला. बाहेर तात्यांचा टेम्पो, मागे रिकामे कॅन खडखडतायत.

"मास्तर, बसा."

"तात्या, खरंच मन नाही लागत."

"मन ऱ्हाऊ द्या की घरी. त्याचं काय काम हाय तितं? अंग बसवा गाडीत."

मी अंग गाडीत बसवलं. रस्ताभर मी माझी रडकथा सांगितली, शाळा, कागद, झोप न लागणं. मला वाटलं होतं ते काही धीराचं बोलतील. ते म्हणाले, "मला बी कटाळा येतूय. रोज येतूय. त्याला घालवायच्या नादी लागू नगा. त्याला बी बसू द्या शेजारी." आणि खरंच त्या दिवशी आम्ही तिघं जिममध्ये गेलो, तात्या, मी आणि कंटाळा. त्यानंतर माझा फार मोठा खाडा झाला नाही. माझं अंग काही सुधारलं नाही फारसं, पण मी जात राहिलो.

असं असलं तरी तात्यांना एक हौस होती, आणि ती ऐकली तेव्हा मी चकित झालो. दर वर्षी थंडीत इंदापूरला शरीरसौष्ठवाची तालुका पातळीवरची स्पर्धा भरते. स्टेज, दिवे, कर्णे, गर्दी. तात्यांनी ती तरुणपणी रस्त्यावरून जाताना टेम्पो थांबवून बघितली होती आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते घर करून होतं. "एकदा तितं उभं ऱ्हायचंय मास्तर. नंबर न्हाय आला तरी चालंल. पर पोटाच्या रेघा दिसल्या पायजेत. लोकांनी म्हनलं पायजे, बिरूनं काम पुरं केलंय." रेघा म्हणजे पोटाच्या स्नायूंमधल्या खाचा. अंगावरची चरबी उतरली आणि शेवटच्या दिवसांत मीठ-पाणी तोडलं की त्या उमटतात. नुसत्या ताकदीनं त्या येत नाहीत, त्यासाठी उपाशी राहावं लागतं. चाळिशीपुढच्या लोकांसाठी वेगळा गट सुरू झाला आणि पन्नाशीला टेकलेल्या तात्यांनी गणेशला सांगून टाकलं, या वर्षी माझं नाव घाल.

मग तयारी सुरू झाली, आणि तिचा खरा भार पडला सुभद्राकाकूंवर. काकू म्हणजे तात्यांच्या मंडळी, गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा जपून. आणि गणेशनं सांगितलेलं जेवण म्हणजे उकडलेली अंडी आणि बिनमिठाची कोंबडी. काकूंनी नाही म्हटलं नाही. गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडली, एक वेगळं पातेलं काढलं. अंड्याला हात लावायच्या नाहीत. पळीनं एकेक अंडं पाण्यात सोडायच्या, नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या आणि मग अंघोळ करून घरात यायच्या. थंडीच्या दिवसांतसुद्धा. कोंबडी तात्या स्वतःच शिजवायचे. एकादशीला मात्र ते काही खायचे नाहीत, अंडंही नाही. गणेश चिडायचा, "तात्या, असानं डाएट मोडतंय." तात्या म्हणायचे, "डाएट तुजं, घर माजं."

हळूहळू तात्या वाळत गेले. गाल बसले, डोळे खोल गेले, आवाज बारीक झाला. जिन्यावरचे सुस्कारे वाढले. मी एकदा घरी गेलो तर काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, ह्यांना कायतरी सांगा. भरल्या घरात मानूस उपाशी निजतंय. भाकरी वाढली तर ताट सारत्यात. माज्या हातचं गोड खाऊन किती दिस झालं." मी म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत काकू. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलेलं दिसलं नाही. नवरा कशासाठी वाळतोय हे त्यांना कुणी नीट समजावलं नव्हतं. तात्यांनी नाही, गणेशनं नाही, आणि मीही नाही.

आणि रेघा उमटल्या. स्पर्धेच्या दोन दिवस आधी गणेशनं तात्यांना आरशासमोर उभं केलं. त्या वयात, त्या माणसाच्या पोटावर, नांगरट केलेल्या रानासारखे स्पष्ट तास पडले होते. जिममधली पोरं डंबेल ठेवून भोवती गोळा झाली. तात्यांनी खाली वाकून स्वतःच्या पोटाकडे बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता हे दोन दिस टिकलं पायजे." त्या दिवसापासून त्यांचं पाणीही जवळजवळ बंद झालं. मला त्यांच्याकडे बघून आनंद झाला आणि काकूंचं बोलणंही आठवलं.

स्पर्धेच्या दिवशीसुद्धा तात्यांनी सकाळचा रूट केला. संध्याकाळच्या फेरीला तेवढी दुसऱ्याची गाडी लावली. दुपारी टेम्पो धुऊन पुसून ते मला न्यायला येणार होते, पण उशीर व्हायला लागला म्हणून मीच चालत त्यांच्या वस्तीवर गेलो. तात्या टेम्पोत बसूनच होते. काकू दारात उभ्या होत्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुललेला होता. मला वाटलं, आता हे उपास संपणार म्हणून असेल. ऊसगाड्यांमागून, शेळगावच्या फाट्यावरून आम्ही इंदापूरला पोचलो.

मैदानाच्या मागे कापडी कनातीत सगळे स्पर्धक रंग आणि तेल लावून घेत होते. गणेश डबा घेऊन तयार होता. तात्यांनी शर्ट काढला आणि गणेशचा हात थांबला. पोट भरून आलं होतं. दोन दिवसांपूर्वीच्या त्या रेघा बुजल्या होत्या, पुसट खुणा तेवढ्या राहिल्या होत्या.

"तात्या, काय खाल्लं?"

तात्यांनी काढलेला शर्ट घडी करून ठेवला. मग म्हणाले, "रूटवर एका घरी म्हैस व्यालीय. पयल्या चिकाचा खरवस केला हुता. फुडं वाटी आली. मग गोडानं तहान लागली. तांब्याभर पानी प्यालो."

"नाही म्हणता आलं नाही?" हे मी विचारलं, आणि जरा रागानंच विचारलं. मला त्यांच्या तीन महिन्यांची कीव येत होती.

"पयल्या चिकाला न्हाय म्हनत न्हाईत मास्तर. जनावराला लागतं."

"घर कुणाचं?" गणेशनं विचारलं. त्याला त्या घरी जाऊन भांडायचं असावं.

"घराचं नाव काडून काय करायचंय? मला रोज त्याच दारात जायचंय," तात्या म्हणाले. "तू रंग लाव."

आमच्याकडे ही समजूत आहेच. व्यालेल्या जनावराचा पहिला चीक कुणी प्रेमानं पुढं केला आणि तो नाकारला तर त्या जनावराला बाधतं, दूध आटतं, असं म्हणतात. दूध हेच ज्याचं आयुष्य त्या माणसाला ते ओलांडता येणार नव्हतं. हे मला कळत होतं, तरी राग जात नव्हता. तीन महिने एक बाई पदर नाकाला लावून अंडी उकडते आणि कुठल्यातरी परक्या घरची एक वाटी सगळं धुऊन नेते, हे मला फार लागलं.

तात्या स्टेजवर गेले. दिव्यांखाली त्यांचे खांदे आणि पाठ अशी दिसली की पुढच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. मग हात डोक्यामागं नेऊन पोट दाखवायची वेळ आली. तात्यांनी श्वास सोडला, पोट आवळलं, दात दिसतील इतका जोर लावला. तुटक दोन रेघा उमटल्यासारख्या झाल्या आणि मिटल्या. परीक्षकांनी बाकीच्यांना पुढे बोलावलं. तात्या कडेला उभे राहिले आणि शेवटपर्यंत हसत होते. तसं हसणं त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी कधी पाहिलं नव्हतं, गणेशनं शिकवलेलं असावं.

परतताना शेळगावचा फाटा मागे पडला. मग त्यांनी विचारलं, "दिसल्या का वो?"

मी म्हटलं, "नाही तात्या. नीट नाही दिसल्या."

"व्हय. मला बी कळलं ते," ते म्हणाले. "दिवं मात्र लई गरम हुते."

दुसऱ्या दिवशी मी जिमला गेलो तो फक्त बघायला, की ते येतात का. आपल्या वेळेला जिना वाजला. सुस्कारे टाकत तात्या वर आले. चपला काढल्या, टॉवेल अडकवला. रंग अजून कानामागं राहिलेला होता. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आज न्हाय व्हायचं." पहिल्या दिवसानंतर त्या एका दिवशी मी पुन्हा त्यांच्यावर विश्वास ठेवला. ते बाकावर बसले, डोळे मिटले, आणि मिटलेले डोळे नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहिले. मग उठून त्यांनी पायांचा व्यायाम केला, ज्याला पोरं सगळ्यात जास्त टाळतात तो. पूर्ण केला. मला त्या माणसाचा हेवा वाटला आणि त्याच्यासाठी वाईटही वाटलं. पुढच्या वर्षी परत उभे राहणार का, हे विचारायचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "बगू. म्हैस कवा व्यातीय त्यावर हाय." आणि हसले.

पुढची थंडी आली. कारखाने सुरू झाले, रस्ते उसानं भरले. एका धुक्याच्या पहाटे वळणावर उसाची बंद पडलेली ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना लाल कापड. तात्यांचा टेम्पो तिच्यावर आदळला. दूध रस्ताभर वाहत होतं असं बघणारे सांगतात. मी ते बघितलं नाही, आणि ऐकायचीही इच्छा नव्हती. तात्यांच्या मातीला सगळा रूट आला होता. कुणीतरी मागे पुटपुटलं, एवढी बॉडी कमावून काय उपयोग झाला. मी पुढं चालत राहिलो.

थंडी सरता सरता सुभद्राकाकूंचा फोन आला. म्हैस व्यालीय, चीक घ्यायला या मास्तर, ह्यांच्या माणसांना द्यायचाय. मी गेलो. गोठ्यामागं ते तीन दगड तसेच होते, पातेल्यात कुत्र्याला भाकरी कुस्करलेली. काकूंनी मला ओट्यावर बसवलं आणि गुळाच्या खरवसाची वाटी पुढं ठेवली.

"तवाची बी हीच म्हैस," त्या म्हणाल्या.

"तेव्हाची म्हणजे?"

"ह्ये इंदापूरला गेले ना, त्याच दिवशी पाटंचं व्याली हुती. मी म्हनलं, मानूस मोठ्या कामाला चाललंय, तीन म्हैनं पोटात गोड न्हाय. रूटवरनं आले, तवर खरवस लावून ठिवला. वाटी फुडं केली तर बगतच बसले वाटीकडं. मला वाटलं आता बी सारत्यात. पर न्हाय. सगळा खाल्ला, बोटानं पुसून खाल्ला. वर तांब्याभर पानी प्याले." काकूंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं, पण त्या हसत होत्या. "तेवडंच एक समाधान हाय मला. माज्या हातचं खाऊन गेले."

माझ्या हातातला चमचा वाटीतच राहिला. रूटवरचं एक घर. घराचं नाव काढून काय करायचंय.

"मास्तर, तुमी हुता तितं," काकू म्हणाल्या. "स्टेजवर कसं दिसत हुते?"

"फार चांगले दिसत होते काकू. लोक शिट्ट्या मारत होते."

"मग नंबर का न्हाय आला?"

गोठ्यातून रेडकाचं हंबरणं आलं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बाकीचे वयानं लहान होते," मी म्हणालो. "तात्यांपेक्षा तरणे होते सगळे."

काकूंनी मान डोलावली. "व्हय," त्या म्हणाल्या, "त्यांनी बी हेच सांगितलं हुतं."

मी उरलेला खरवस खाल्ला. वाटी रिकामी झालेली बघून काकू उठल्या, आतून पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आनी देऊ?"

मी वाटी पुढे केली.